आस

पुन्ता अरेनासमध्ये वारा पश्चिमेकडून येतो
आणि दार वाजवत नाही.
वसंतात नगरपालिका चौकाच्या कोपऱ्यांवर दोर बांधते,
माणसं दोर धरून बँकेत जातात.
अशा गावात मला दार काढायचंय,
जन्ममृत्यू नोंदणीच्या नव्या इमारतीचं:
रुंदी एक मीटर ऐंशी, उंची तीन मीटर दहा,
कोइग्वेच्या फळ्या, पोटात पोलादी सांगाडा,
वजन चारशे बारा किलो.
बिजागरी नाही.
खाली एक खुंट, वर एक खुंट,
आणि दोघांमधून जाणारी, कुणालाच न दिसणारी आस.

आस कुठे धरायची यावर आमचं तीन आठवडे वाजलं.
मला ती मधोमध हवी होती.
कागदावर देखणं दिसत होतं,
निम्मं दार आत, निम्मं बाहेर, तराजूसारखं.
येर्को म्लादिनिच, सुतार आणि सुताराचा मुलगा,
कानामागची पेन्सिल न काढताच म्हणाला,
"तराजू छान आहे, हिमेना.
आता त्या ऐंशी सेंटिमीटरातून
जुळ्यांची बाबागाडी काढून दाखव."

आस सरकली. एक तृतीयांशावर आली.
कागदावर बिघडलं, बाकी सगळीकडे बसलं.
तोंड पूर्वेला फिरवलं, इमारतीच्या आडोशाला.
तिथे वारा ढकलत नाही, मागून ओढतो,
आणि त्या ओढीनंच दार चौकटीला घट्ट चिकटेल,
असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं.
"मग उघडेल कोण?" येर्को म्हणाला.

कॅटलॉगमध्ये लिहिलंय: सरासरी माणूस.
सरासरी माणूस आमच्या गावात राहत नाही.
नेलिदा ओयार्सो राहते, एक मीटर शेहेचाळीस,
सकाळी सहाला कार्यालय उघडते, फरशी पुसते,
एका हातात बादली, दुसऱ्या हातात किल्ल्या.
तिला येर्कोच्या शेडवर बोलावलं.
प्लायवूडचं दार, त्याला वाळूच्या गोण्या बांधलेल्या,
कडेला कोकरं तोलायचा काटा अडकवलेला.
मी म्हटलं, ढकला.
तिनं बादली खाली ठेवली नाही.
वळली, आणि कमरेनं लोटलं.
काटा साडेसहावर गेला.
"जड आहे," ती म्हणाली, "माझी बहीण तर याच्याहून बारीक."

मग स्प्रिंग बदलली, साडेचारवर आणली.
ढकलायची पितळी पट्टी खांद्याशी होती
ती जमिनीपासून ब्याऐंशी सेंटिमीटरवर उतरवली.
खुंटाच्या पेटीसाठी काँक्रीट खोदलं
तर खाली गरम पाण्याचा पाइप निघाला;
प्लंबर आन्सेल्मो दोन दिवस कुणाशी बोलला नाही.
फटीत रबर घातलं, पोरांच्या बोटांसाठी.
आणि फरशीत एक काळी रेघ, बाहेरच्या बाजूला,
कारण मोठा भाग आत जातो तेव्हा
धाकटा भाग बाहेर येतो,
आणि तिथे कुणीतरी उभं असतंच.

आता रात्रीचे अकरा. तपशीलाचं शेवटचं कलम उरलंय,
दार बंद कसं व्हावं.

बाबांची नोंद करायला गेले होते
तेव्हा जुनं दार वाऱ्यानं आपटलं
आणि कारकुनाच्या टेबलावरचं सगळं उडालं.
तो, मी, रांगेतली एक बाळंतीण,
सगळे गुडघ्यांवर.
बाबा सापडले बाकाखाली,
तीन किलो दोनशे ग्रॅमच्या कुणा मुलीच्या कागदाला चिकटून.
कारकुनानं दोन्ही झटकले,
दोन्हींवर तोच शिक्का मारला.
ती बाई माझ्याकडे बघून हसली, मग हसू आवरलं.
मला वाटत होतं, आवरू नये.

लिहिते:
बंद होताना शेवटचे दहा अंश सावकाश.
आवाज नको.
येर्को विचारेल, हे तपासायचं कसं?
म्हणून खाली आणखी एक ओळ.
चाचणी: बाहेर वारा असताना घ्यावी.
आतल्या टेबलावर एक सुटा कागद ठेवावा,
वर काही वजन ठेवू नये.
तो हलता कामा नये.